हे कुठलं, हे कधीचं?

माणसांनी खचाखच भरलेली एक बोट किनारा जवळ आलेला असताना एका अंगावर कलते. लोक कठड्यांना धरून राहतात, काही पाण्यात पडतात आणि बघता बघता बोट उलटते. २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा व्हिडिओ देशभरातल्या फोनवर फिरत होता. त्याच्यासोबतचा मजकूर असा : गोव्यात बोट बुडाली, मालकाने पैशाच्या लोभाने जास्त माणसं भरली, २३ मृतदेह मिळाले, ४० जणांना वाचवलं, ६४ जण बेपत्ता आहेत.

बोट बुडाली हे खरं होतं. माणसं गेली हेही खरं होतं. पण ते घडलं होतं आफ्रिकेत, कांगो देशातल्या किवू सरोवरात. मिनोव्हाहून निघालेली ती बोट ३ ऑक्टोबरला गोमा शहराच्या धक्क्याजवळ पोहोचता पोहोचता उलटली. बोटीवर २७८ जण होते आणि किमान ७८ जण दगावले, असं तिथल्या प्रांताच्या गव्हर्नरांनी तेव्हा सांगितलं. रोमन लिपीत गोमा आणि गोवा या नावांत एका अक्षराचा फरक पडतो. तेवढ्या फरकापायी शेवटी गोवा पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला की ही घटना आपल्या किनाऱ्यावरची नाही, खातरजमा न केलेली बातमी पुढे पाठवू नका.

पेडणे तालुक्यातल्या माणसाला मात्र हा खुलासा येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. गोव्यात राहणाऱ्याच्या कानावर बातमी कधी ‘गोव्यात’ घडलेली म्हणून येत नाही. ती केरीला घडते, चोपड्याला घडते, डिचोलीच्या बाजारात घडते. त्या मजकुरात ना नदीचं नाव होतं, ना धक्क्याचं. मांडवी की शापोरा की तेरेखोल? केरी–तेरेखोलची फेरीबोट ज्याने पाहिली आहे त्याला गोव्याची फेरीबोट कशी दिसते हे ठाऊक असतं : सपाट, उघडी, गाड्या थेट वर चढवता येतील अशी. व्हिडिओतली बोट तशी नव्हती. शिवाय ६४ माणसं बेपत्ता झाली असती तर गोव्यासारख्या लहान राज्यात कुणाचा तरी शेजारी, कुणाची तरी मावशी, कुणाच्या तरी वर्गातला मुलगा त्यात निघाला असता. एक फोन केला असता तरी कळलं असतं.

त्या फोनबद्दल, म्हणजे पडदा सोडून बाहेर कुणालातरी विचारण्याबद्दल, थोडं सविस्तर बोलायला हवं.

तुये हे पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीच्या उत्तरेकडचं गाव. हा तालुका गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलला. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली. तुयेत इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी जमीन राखून ठेवली गेली. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर जगभरची माणसं येतात. नव्या रुग्णालयाच्या इमारतीवरून तुयेत आंदोलनं झाली आणि त्या प्रत्येक टप्प्याचे फोटो, पत्रकं, आरोप नि खुलासे गावातल्या ग्रुपवर येत राहिले. अशा गावातली अकरावी-बारावीतली मुलं सकाळी बसमध्ये बसतात तेव्हा त्यांच्या हातातल्या पडद्यावर हे सगळं एकाच ओळीत येतं : रुग्णालयाची बातमी, मैत्रिणीचा वाढदिवसाचा फोटो, ‘घरबसल्या दिवसाला तीन हजार’ अशी जाहिरात, कुठल्या तरी पुढाऱ्याचं भाषण आणि एक रील. वर्तमानपत्रात बातमी कुठे, अग्रलेख कुठे, जाहिरात कुठे, हे जागेवरूनच कळतं. फोनवर सगळ्यांचा आकार एक, अक्षर एक, आणि पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचा. काकांनी पाठवलं म्हणजे काकांनी तपासलं असणार, असं मन आपोआप धरून चालतं. काकांनीही तेच धरलेलं असतं.

पडद्यावरचं पारखायला शिकवण्याचे शाळेत दोन वेगळे तास होतात. बातमी खरी की खोटी हे भाषेच्या किंवा नागरिकशास्त्राच्या शिक्षकांकडे, आणि ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ हे पोलिसांच्या जागृती कार्यक्रमात. प्रत्यक्षात दोन्हीकडे सापळा एकच असतो. अफवा असो वा फसवणूक, तिला माणूस पडद्यासमोर, एकटा आणि घाईत हवा असतो. तो पडदा सोडून उठला, कुणाशी बोलला, की तिची पकड सुटते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये या संदर्भात एक साधा पण डोळे उघडणारा अभ्यास मांडला. त्यांनी पीएचडी झालेले दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी घेतले आणि त्यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी हुशार होते, पण त्यांतले बरेचसे फसले. ते समोरचं पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले : मांडणी कशी आहे, भाषा शुद्ध आहे का, बोधचिन्ह भारदस्त आहे का. तथ्य-तपासनीस त्या पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि हे संकेतस्थळ चालवतं कोण, इतर लोक त्याच्याविषयी काय म्हणतात, हे आधी पाहिलं. कमी वेळात ते जास्त अचूक निष्कर्षाला पोहोचले. खोटं पान कितीही बारकाईने वाचलं तरी ते आपण होऊन आपला खोटेपणा सांगत नाही. तो बाहेरूनच कळतो.

गोव्याला बाहेरून पडताळण्याची ही सवय नवी नाही, हे इथे आठवणीने सांगायला हवं. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकांत इथल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री होती. त्या काळात, २५ नोव्हेंबर १९५५ पासून, गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त नभोवाणी केंद्र चाललं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे ते चालवत. सुरुवात आंबोलीच्या जंगलातून झाली, पुढे कॅसलरॉकच्या बाजूने. पोर्तुगीजांच्या प्रचाराला उत्तर देणं हे त्या केंद्राचं काम होतं आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ते चालू राहिलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांना हा इतिहास पहिल्यांदा कळला. पेडण्यापासून आंबोली फार लांब नाही. सरकार एक सांगतं, जंगलातला आवाज दुसरं सांगतो, मग खरं काय, हा प्रश्न त्या काळातल्या गोवेकरासमोर रोजचा होता. आजच्या मुलांच्या आजी-आजोबांपैकी काहींचं बालपण त्यात गेलं आहे. त्यांना विचारावं.

पडद्याबाहेर जाऊन विचारलं नाही तर काय होतं, याचं सर्वात दुःखद मराठी उदाहरण राईनपाड्याचं आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत सगळीकडे पसरले होते. या पाचजणांवर संशय घेतला गेला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली आणि पाचही जण मरण पावले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं होती. त्यांच्याकडची ओळखपत्रं पाहायला, त्यांच्या गावच्या पोलिसांना एक फोन करायला पुरेसा वेळ होता. तो कुणी घेतला नाही.

त्या वर्षी मुलं पळवण्याच्या नावाखाली देशभर फिरलेल्या व्हिडिओंत एक असा होता : मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांजवळ येतात, एकाला उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता, आणि तीही प्रत्यक्ष घटना नव्हती. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो मुद्दाम चित्रित करून घेतला होता. मूळ चित्रफितीत मोटरसायकल परत येते, मुलाला सोडते आणि स्वार एक फलक दाखवतो. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. पालकांनी सावध राहावं म्हणून बनवलेली फीत अशी निरपराध माणसांच्या जिवावर उठली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल झाला. अशा संदेशाच्या डोक्यावर दोन बाणांची खूण असते. ती रोज दिसते, पण तिचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो : हा मजकूर तुमच्या काकांनी लिहिलेला नाही, तो कितीतरी हातांतून आला आहे आणि लिहिणारा कोण हे कुणालाच ठाऊक नाही.

खोटी बातमी वेगाने जाते हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. यात यंत्रांनी चालवलेल्या खात्यांचा हात फारसा नव्हता. पसरवणारी माणसंच होती. खोट्या बातमीवरच्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस जास्त दिसली. अशी बातमी बोटाला चटकन हलवते.

आता एक उदाहरण आकड्यांचं. आकडा दिसला की माणूस निम्मा वाद सोडून देतो, म्हणून ते नीट पाहण्यासारखं आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका उद्योजकाने समाजमाध्यमावर एक आलेख टाकला आणि गोव्याचं पर्यटन बुडालं असं लिहिलं. एका खाजगी आकडेवारी संस्थेचा हवाला देऊन त्यात म्हटलं होतं की २०१९ मध्ये गोव्यात ८५ लाख परदेशी पर्यटक आले होते, ते २०२३ मध्ये १५ लाखांवर आले. पोस्ट लाखोंनी पाहिली. गोव्याच्या पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली. दोन बाजू पडल्या आणि आठवडाभर भांडण झालं.

आलेखाला हात न लावता, नुसत्या दुसऱ्या एका आकड्याने तो तपासता येतो. २०१९ मध्ये संपूर्ण भारतात आलेले परदेशी पर्यटक होते सुमारे १ कोटी ९ लाख. त्यांतले ८५ लाख एकट्या गोव्यात आले असते तर ताजमहाल, केरळ, राजस्थान, मुंबई यांच्या वाट्याला काय उरलं असतं? गोव्याच्या पर्यटन खात्याची २०१९ ची नोंद होती साधारण ९ लाख ३७ हजार परदेशी आणि ७१ लाखांवर देशी पर्यटक, म्हणजे एकूण ८० लाखांच्या पुढे. आलेखातला आकडा एकूण पर्यटकांच्या आसपासचा होता आणि परदेशी म्हणून मांडला गेला होता.

पण इथे थांबून ‘चला, खोटं ठरलं’ म्हणणंही अर्धवट वाचन आहे. त्याच सरकारी नोंदीनुसार २०२३ मध्ये परदेशी पर्यटक साडेचार लाखांच्या आसपास होते. म्हणजे चार वर्षांत ते निम्म्यावर आले. देशी पर्यटक वाढले, त्यामुळे एकूण आकडा वाढलेला दिसतो. सरकार एकूण आकडा सांगत होतं, टीका करणारे परदेशी पर्यटकांचा चुकीचा आकडा सांगत होते. मोरजीला रशियन पाहुण्यांवर खोल्या चालवणाऱ्या माणसाला मात्र तिसरंच उत्तर हवं होतं : माझ्याकडे येणारे कमी झाले की नाही? झाले होते. या एका भांडणावर पेडण्यातल्या कुठल्याही बारावीच्या वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. मुलांच्या घरातच शॅक, टॅक्सी, भाड्याच्या खोल्या आहेत. आकडे तपासायला माणसं घरातच बसलेली आहेत.

‘कुठलं’ इतकाच ‘कधीचं’ हा प्रश्नही महत्त्वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंधुदुर्गातून ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा रानटी हत्ती पेडणे तालुक्यात आला. मोपा, तांबोसे, उगवे भागातल्या शेतांत तो फिरला, पिकं तुडवली आणि लोकांची झोप उडवली. अशा वेळी ‘हत्ती उगव्यात आलाय’ हा संदेश खरा असूनही निरुपयोगी, कधी कधी धोक्याचा ठरू शकतो, जर त्यात वेळ लिहिलेली नसेल. सकाळी सहाचा व्हिडिओ संध्याकाळी सहाला कुणी पुढे पाठवला तर पाहणारा चुकीच्या रस्त्याने जातो, किंवा हत्ती बघायला गर्दी करतो. पूर, दरड, बंद रस्ता, हरवलेलं मूल या सगळ्यांना हेच लागू आहे. हरवलेलं मूल चार वर्षांपूर्वी सापडलेलं असतं आणि त्याचा फोटो अजून फिरत असतो. फोटो कधीचा हे पाहायचं एक साधन आज प्रत्येक फोनात आहे. गूगल लेन्समध्ये चित्र टाकलं तर तेच चित्र आधी कुठे कुठे आलं होतं ते दिसतं. व्हिडिओ असेल तर त्यातलं एक स्पष्ट दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. गोम्याच्या बोटीचं खरं ठिकाण कळायला एवढंही पुरलं असतं.

अफवेत माणूस पडदा सोडायला विसरतो. फसवणुकीत त्याला पडदा सोडूच दिला जात नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार तर पूर्णपणे यावरच उभा आहे. फोन येतो : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं आहे. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. कॉल बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, नाहीतर त्यांनाही अटक होईल. वर्धमान या मोठ्या कापड उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये अशाच प्रकारे ७ कोटी रुपयांना फसवलं गेलं. त्यांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीसुद्धा व्हिडिओवर दाखवली गेली आणि रात्रंदिवस कॉल चालू ठेवायला लावला. शिक्षण, वय, अनुभव यांतलं काही कामाला आलं नाही, कारण विचारायला दुसरं माणूस जवळ येऊ दिलं नव्हतं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्पष्ट सांगितलं की कायद्यात डिजिटल अरेस्ट अशी काही गोष्टच नाही. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालयाच्याच नावाचे बनावट आदेश दाखवून एका वृद्ध दांपत्याला लुबाडल्याची दखल स्वतःहून घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संसदेतल्या उत्तरानुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता.

इथे तुयेतल्या विद्यार्थ्याची भूमिका फार मोठी आहे. घरात आजीचा फोन तोच चालवून देतो, बाबांचं बँकेचं ॲप त्यानेच टाकलेलं असतं. आजीला शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे जाणार आहेत. कुणीही सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायचं नाही. आणि पोलीस असो, बँक असो, वीज खातं असो, ‘घरात कुणाला सांगू नका’ असं म्हणणारा माणूस चोर असतो. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक आहे. तिथे तक्रार गेली की ज्या खात्यांत पैसे सरकले त्या बँकांना कळवून रक्कम गोठवायचा प्रयत्न होतो. चोर तासाभरात पैसा एका खात्यातून दहा खात्यांत फिरवतात, म्हणून पहिला तास मोलाचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हे हाताशी ठेवून फोन करावा, आणि मग केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी. आजीने आधी लाजून तीन दिवस गप्प राहायचं आणि मग सांगायचं, यातच बहुतेक पैसा हातचा जातो.

त्या दहा खात्यांविषयी विद्यार्थ्यांना कुणी फारसं सांगत नाही, म्हणून ते इथे ठासून सांगायला हवं. ती खाती चोरांच्या नावावर नसतात. ती बऱ्याचदा अठरा-वीस वर्षांच्या मुलांची असतात. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं मित्राचा मित्र म्हणतो. एटीएम कार्ड आणि सिमकार्ड हातातून जातं. पुढे एखाद्या निवृत्त शिक्षिकेची आयुष्याची पुंजी त्या खात्यातून वाहून जाते आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते या मुलाच्या दारात. खातं गोठतं, गुन्ह्यात नाव येतं, नोकरीच्या वेळी चारित्र्याच्या दाखल्याला अडचण होते. भाड्याने खातं देणं ही कमाई नव्हे, चोरीतली भागीदारी आहे आणि कायदा तिला तसंच पाहतो.

नोकरीच्या आमिषाचंही तेच. मोप्याचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातल्या तरुणांना विमानतळावरच्या नोकरीची आस आहे, आणि विमानतळांवरच्या नोकऱ्यांच्या बनावट जाहिराती देशभर फिरत असतात. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी देतो सांगून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक उघड झाली. तो व्यवहार तर बहुतांशी समोरासमोर झाला होता. यंत्र बदलतं, माणसाची गरज तीच राहते, आणि चोर गरजेवरच बोट ठेवतो. टेलिग्रामवर ‘हॉटेलांना रेटिंग द्या आणि पैसे मिळवा’ म्हणणारा आधी दीडशे रुपये खरोखर पाठवतो. विश्वास बसला की पुढच्या कामासाठी दोन हजार भरायला सांगतो, मग वीस हजार. नोकरी देणारा पगार देतो, नोकरीसाठी पैसे घेत नाही, हे घरात एकदा मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

सगळ्यात अवघड विषय फोटोंचा. अनोळखी ‘मैत्रीण’ वा ‘मित्र’ गप्पा मारतो, व्हिडिओ कॉलवर येतो, सगळं रेकॉर्ड करतो आणि मग धमकी : पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो. आता तर साध्या शाळेच्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नग्न चित्र बनवता येतं, म्हणजे मुलाने किंवा मुलीने काहीही केलेलं नसताना धमकी येऊ शकते. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून संभाषण पुसायचं नाही, तोच पुरावा असतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सोय २०२३ पासून आहे. तिची रीत दिलासा देणारी आहे : फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या चित्राचा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी समाजमाध्यमं त्या क्रमांकाशी जुळणारं चित्र शोधून काढून टाकतात. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. आणि वर्गातल्या मुलांनीही जाणून घ्यावं : अल्पवयीन मुलीचं असं चित्र नुसतं पुढे पाठवणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, बनवण्याइतकाच.

पण या सगळ्या सोयी एका दारापाशी अडतात, आणि ते दार घरातलं आहे. मुलगी रडत आली की पहिला प्रश्न ‘तू फोनवर काय करत होतीस?’ असा येणार असेल तर ती येतच नाही. धमकी देणाऱ्याचा सगळा हिशेब यावरच असतो. फोन हिसकावून घेतला जाईल ही भीती मुलांना चोरापेक्षा मोठी वाटते. जे आई-बाबा आधीच सांगून ठेवतात की काही झालं तर आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही, त्यांच्या मुलाला पडदा सोडून जायला जागा असते.

वयाच्या बंदीची चर्चा आता गोव्यातही आली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. त्यानंतर २०२६ च्या जानेवारीत गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी तशा कायद्याचा अभ्यास चालू असल्याचं सांगितलं. लहान मुलांच्या हातून हे व्यसन सुटावं ही इच्छा समजण्यासारखी आहे, आणि कंपन्यांवर जबाबदारी टाकणंही योग्यच. मात्र राईनपाड्यात खोलीचं दार लावणारी माणसं सोळा वर्षांखालची नव्हती. बोटीचा व्हिडिओ पुढे पाठवणारेही बहुतेक मोठेच असणार. ज्या दिवशी बंदी उठेल त्या दिवशी मुलगा नेमकं काय शिकून बाहेर पडणार, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

उत्तर शोधायला लांब जायला नको. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले होते, तेही देश राईनपाड्याने हादरायच्या आधी. गोव्यात २०२१ पासून सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना शाळाशाळांत चालू आहे. संगणक आहे, शिक्षक आहे, तास आहे. त्याच तासात महिन्यातून एकदा ग्रुपवर आलेला एक संदेश फळ्यावर लिहावा. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ यांतली त्याच दिवसाची तीच बातमी शेजारी ठेवावी. कुणी काय आधी सांगितलं, कुणी काय गाळलं, कुणाचं नाव घेऊन लिहिलं, हे मुलांनी शोधावं. तुयेच्या रुग्णालयाची बातमी असेल तर एका गटाने पंचायतीत जाऊन विचारावं, एकाने विधानसभेतलं उत्तर शोधावं, एकाने प्रत्यक्ष इमारतीपाशी जाऊन पाहून यावं, आणि तिघांनी आणलेलं पुढच्या तासाला वर्गात मांडावं.